तारापूरचा न्यूट्रॉन, पणजीचा एक्का

बोईसरला उतरून तारापूरच्या अणुवीज केंद्रात कामाला जाणाऱ्या माणसाला कोणी म्हटलं, की तुमच्या भट्टीतल्या न्यूट्रॉनचा हिशेब आणि पणजीत मांडवीवर उभ्या असलेल्या जहाजांतल्या पत्त्यांचा हिशेब ही सख्खी भावंडं आहेत, तर त्याला ती थट्टा वाटेल. थट्टा नाही. न्यूट्रॉनचा माग काढायची एक जबरदस्त युक्ती पत्त्यांच्या डावावरून सुचली. तिला नाव मिळालं एका कॅसिनोच्या गावाचं. आणि ब्लॅकजॅकचं गणित पहिल्यांदा नीट सुटलं ते अमेरिकेतल्या ज्या लष्करी तळावर, तिथेच ही युक्ती काही वर्षं आधी संगणकावर चालवून पाहिली होती!

तिथपर्यंत जायचंच आहे. पण आधी एक साधा प्रश्न. पालघरच्या माणसाला कायद्यात राहून ब्लॅकजॅक खेळायचं असेल, तर त्याने जावं कुठे? जवळच्या गोव्याला, की पैसे साठवून थेट लास वेगासला? कुठलं टेबल त्याला जास्त न्याय देईल?

महाराष्ट्रात तर सोयच नाही. जुगार प्रतिबंधाचा १८८७ चा कायदा इथे अजून लागू आहे. नवल म्हणजे १९७६ साली आपल्याच विधिमंडळाने कॅसिनोंना परवाने देणारा आणि त्यांच्यावर कर बसवणारा कायदा मंजूर केला होता. तो अमलात कधी आलाच नाही. ४७ वर्षं कागदावर पडून राहिला आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने तो रद्द करायचं ठरवलं.

त्याच १९७६ साली गोवा, दमण आणि दीवसाठीही जुगाराचा कायदा झाला, आणि त्याने मात्र पुढे वेगळंच वळण घेतलं. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक यंत्रांवरच्या खेळांना मुभा मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यातल्या जहाजांवर टेबलावरचे खेळही आले. जमिनीवर यंत्र, पाण्यावर पत्ते! माणसाने हाताने वाटलेला एक्का कायदेशीर ठरायला त्याच्याखाली नदी वाहावी लागते. पणजीच्या काठावरून रात्री दिसणारी ती झगमगती जहाजं तिथे का उभी आहेत, याचं उत्तर कायद्याच्या या एका कलमात आहे.

आणि दमण? तलासरी ओलांडून गुजरातची चिंचोळी पट्टी पार केली की दमण लागतं. पालघरकरांना ते गोव्याहून कितीतरी जवळचं. १९८७ मध्ये गोवा राज्य झालं, दमण वेगळं राहिलं, पण जुगाराचा कायदा दोघांचा तोच राहिला. २०१४ मध्ये तिथे कॅसिनोचा मनसुबा ठेवून एक भलंमोठं हॉटेलही उभं राहिलं. परवान्याचं घोडं मात्र वर्षानुवर्षं अडूनच बसलं.

आता खेळ बघू. सातवीतलं पोर पाच मिनिटांत शिकेल इतका तो सोपा आहे. राजा, राणी, गुलाम यांचे दहा-दहा, एक्क्याचा एक किंवा अकरा, बाकीच्या पत्त्यांचे अंगावरच्या ठिपक्यांइतके. तुमच्या पत्त्यांची बेरीज २१ च्या जितकी जवळ तितकी चांगली. २१ ओलांडली की फुटलात. समोर एकटा डीलर, म्हणजे कॅसिनोचा पत्ते वाटणारा माणूस. त्याचा एक पत्ता उघडा, आणि त्याला स्वतःचं डोकं चालवायची मनाई! १६ पर्यंत पत्ता घ्यायचाच, १७ झाले की थांबायचं. पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता आला तर ते ब्लॅकजॅक, आणि त्याला दीडपट पैसे.

मग कॅसिनो कमावतं कशावर? पत्ते तर दोघांना एकाच गठ्ठ्यातून येतात. सगळी कमाई एका लहानशा गोष्टीत लपलेली आहे: तुम्ही आधी खेळता.

समजा तुम्ही डीलरचीच नक्कल केलीत, १६ पर्यंत घेतलं, १७ ला थांबलात. असं खेळणारा १०० पैकी साधारण २८ वेळा फुटतो. तुम्ही २८ वेळा, तोही २८ वेळा. म्हणजे १०० पैकी जवळपास ८ डावांत दोघंही फुटणार. न्यायाने हे डाव बरोबरीचे. पण तुम्ही आधी फुटलात, तुमचे पैसे उचलले गेले, आणि डीलरला त्या डावात पुढे खेळायची गरजच उरली नाही. शंभरातले हे ८ रुपये कॅसिनोचे. ब्लॅकजॅकच्या दीडपटीमुळे दोन-सव्वादोन परत मिळतात, तरी साडेपाच गेलेच. मुंबईच्या मटक्यात दहापैकी एक आकडा लावायचा आणि लागला तर रुपयाला नऊ मिळायचे, म्हणजे शंभरातले दहा अड्ड्याचे. त्यापेक्षा हे बरं म्हणायचं, इतकंच.

पण डीलर नियमाला बांधलेला आहे, तुम्ही नाही. त्याच्याकडे छक्की उघडी दिसत असेल तर तुम्ही १२ वरच थांबू शकता आणि त्याच्या फुटण्याची वाट बघू शकता. हातात ११ असताना पैसे दुप्पट करू शकता. दोन अठ्ठ्या आल्या तर त्यांचे दोन वेगळे डाव करू शकता. हे सगळं अचूक केलं, तर साडेपाच रुपयांचा तो वाटा किती उरतो ठाऊक आहे? शंभर रुपयांमागे साधारण ५० पैसे!

हे ५० पैसे कोणी शोधले, ती गोष्ट मला फार आवडते. १९५० च्या दशकात मेरीलँडमधल्या अबर्डीन प्रूव्हिंग ग्राउंड या लष्करी तळावर चार तरुण नोकरी करत होते: रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कॅन्टी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडरमॉट. कामाबाहेरच्या वेळात त्यांनी तळावरची टेबलावर ठेवायची आकडेमोडीची यंत्रं घेतली आणि ब्लॅकजॅकमधली प्रत्येक परिस्थिती तपासायला घेतली. डीलरचा पत्ता दहा प्रकारचा, तुमची बेरीज अमुक, घ्यावं की थांबावं? दीडेक वर्ष ते बटणं दाबत राहिले. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या संख्याशास्त्राच्या नावाजलेल्या नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. कॅसिनोचा वाटा त्यांनी काढला होता ०.६२ टक्के. पुढे संगणकांनी अब्जावधी डाव खेळून पाहिले, तेव्हा या चौघांचा तक्ता जवळपास जसाच्या तसा टिकला!

या तक्त्यात किती बारकावा असतो याचा एक नमुना. तुमचे १६, डीलरची दश्शी उघडी. घ्यावं की थांबावं? पिढ्यान् पिढ्या जुगारी यावर भांडले. उत्तर असं, की दोन्हीकडे मरणच आहे. घेतलंत तरी रुपयामागे सरासरी ५४ पैसे जातात, थांबलात तरी ५४ पैसेच. फरक एका पैशाच्याही लहानशा तुकड्याचा, पण तो घेण्याच्या बाजूने आहे. कुठल्याही माणसाच्या आयुष्यभराच्या अनुभवातून हा फरक हाती लागणं शक्य नाही. तो फक्त गणितालाच दिसतो.

आता अबर्डीनवरचा तो दुसरा धागा. १९४६ मध्ये स्टॅनिस्लाव उलाम हा गणिती मोठ्या दुखण्यातून उठत होता. वेळ जाईना म्हणून एकट्याने पत्त्यांचा डाव मांडत बसायचा. त्याला प्रश्न पडला: हा डाव सुटण्याची शक्यता किती? गणिताने काढायला गेला तर शक्यतांचं जंजाळ संपेना. मग त्याच्या मनात आलं, शंभर डाव खेळूनच का बघू नये? किती सुटले ते मोजायचं, झालं उत्तर! एवढीच युक्ती. पण उलाम लॉस अलामॉसच्या अणुबॉम्बवाल्यांपैकी. त्याच्या लगेच लक्षात आलं, की न्यूट्रॉनचंही असंच आहे. तो आदळेल, वळेल, शोषला जाईल की अणू फोडेल, हे प्रत्येक पावलाला नशिबावर असतं. मग समीकरण सोडवत बसण्यापेक्षा हजारो न्यूट्रॉनांचं आयुष्य यंत्रात ‘खेळून’ पाहावं. त्याचे सहकारी जॉन फॉन नॉयमन यांनी ती कल्पना उचलली. उलामचा एक काका माँटे कार्लोला जुगार खेळायला जाण्यासाठी नातेवाइकांकडे पैसे मागायचा, त्यावरून आणखी एक सहकारी निकोलस मेट्रोपोलिसने पद्धतीला नाव सुचवलं ‘माँटे कार्लो’. १९४८ मध्ये एनिऍक या संगणकावर न्यूट्रॉनचे हे हिशेब प्रत्यक्ष धावले. आणि एनिऍक तेव्हा कुठे होता? अबर्डीनला!

अणुभट्टीच्या गर्भात न्यूट्रॉन कुठे किती असतील, किती वाया जातील, भोवतीची भिंत किती जाड हवी, यासाठी जगभर आज माँटे कार्लो पद्धत वापरतात. १९६९ मध्ये तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या वीज देऊ लागल्या, त्याच्या वीसेक वर्षं आधी ही विद्या जन्मली होती. आणि तीच विद्या उलटून परत पत्त्यांकडेही आली. नियमात जरासा बदल केला तर खेळणाऱ्याचं किती नुकसान होतं, हे आता यंत्रात अब्जावधी डाव खेळवून दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या आकड्यापर्यंत सांगता येतं.

पण ब्लॅकजॅकचं सर्वांत मोठं नवल अजून सांगायचंच आहे. पत्त्यांना स्मृती असते.

फाशाला नसते. दहा वेळा सहा पडले तरी अकराव्या वेळी फासा कोरा. पत्त्यांचं तसं नाही. घोलवडच्या चिकूंची पाटी घ्या, डोळे मिटून एकेक फळ उचला. सुरुवातीलाच पिकलेले भराभर निघून गेले, तर पाटीत पुढे काय उरलंय हे पाटीत न डोकावता कळतं. वाटून झालेले पत्ते बाजूला जातात, आणि उरलेल्या गठ्ठ्याचं पारडं कधी तुमच्याकडे झुकतं, कधी कॅसिनोकडे.

एडवर्ड थॉर्प या तरुण गणितज्ञाने अबर्डीनच्या चौघांचा निबंध वाचला, एमआयटीमधला आयबीएम ७०४ हा संगणक मिळवला आणि विचारलं: गठ्ठ्यातून एकेका किमतीचे पत्ते काढून टाकले तर काय होईल? तुमचा अंदाज काय, कोणता पत्ता गेला की खेळणाऱ्याचं सर्वांत भलं होत असेल? एक्का? राजा? उत्तर आहे पंजी! कुणाच्या खिजगणतीत नसलेला तो पत्ता. कॅटमधल्या चारही पंज्या निघून गेल्या, की खेळणारा तीन टक्क्यांहून जास्त पुढे जातो. कारण ऐकलंत की किती सरळ वाटतं पाहा. डीलरला १२ ते १६ या अडचणीच्या बेरजांवर पत्ता घ्यावाच लागतो. त्या पाचही बेरजांत पाच मिळवा: १७, १८, १९, २०, २१. पंजी डीलरला प्रत्येक वेळी वाचवते! ती संपली, की डीलर उघडा पडतो. उलट एक्के आणि दश्श्या उरल्या असतील तर दीडपटीचे ब्लॅकजॅक जास्त आणि डीलरचं फुटणंही जास्त. थॉर्पचं पुस्तक १९६२ मध्ये आलं आणि वेगास हादरलं. १९६४ मध्ये तिथल्या हॉटेलांनी एकजुटीने नियम कडक केले. गिऱ्हाईकच फिरकेना, तेव्हा काही आठवड्यांत ते मागेही घेतले.

मोजणं आणि जुगार यांचं हे नातं आपल्याकडे किती जुनं आहे! महाभारताच्या वनपर्वात द्यूतात सर्वस्व गमावलेला नल सारथी होऊन राजा ऋतुपर्णाचा रथ विदर्भाकडे हाकत असतो. वाटेत एका झाडाकडे नजर टाकून राजा सांगतो, याच्या दोन फांद्यांवर इतकी पानं आणि २०९५ फळं. नल रथ थांबवून मोजतो. आकडा बरोबर निघतो. ही विद्या कोणती, असं विचारल्यावर ऋतुपर्ण सांगतो, की मी फाशांचं मर्म जाणतो आणि संख्येतही निष्णात आहे. आणि ते झाड कोणतं? बेहड्याचं. वैदिक काळी बेहड्याची फळंच फासे म्हणून वापरत. जव्हार-विक्रमगडच्या रानात जे झाड आजही उभं आहे, ज्याचं फळ आपण त्रिफळ्यात घालतो, तेच!

तर, वेगास की गोवा? आता तुम्हाला उत्तर शोधता येईल, कारण कुठे काय बघायचं हे तुमच्याकडे आहे. टेबलाच्या कापडावर छापलेली ओळ. ब्लॅकजॅकला पैसे ३:२ की ६:५?

५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यांपैकी ब्लॅकजॅकच्या जोड्या चार एक्के गुणिले सोळा दहावाले, म्हणजे ६४. साधारण २१ डावांत एकदा. एकवीसच्या खेळात एकविसात एकदा, हा योगायोग मला भारी वाटतो. शंभर रुपयांच्या डावावर ३:२ ने १५० मिळतात, ६:५ ने १२०. तीस रुपये कमी, २१ डावांतून एकदा; डीलरलाही ब्लॅकजॅक आल्याचे बरोबरीचे डाव सोडले तर शंभरामागे सुमारे १ रुपया ४० पैसे. म्हणजे त्या चौघांनी दीड वर्ष खपून ज्याच्या आसपास आणून ठेवलं, ते ५० पैसे एका छापील ओळीने जवळपास चौपट झाले! डीलरने एक्क्याचे अकरा धरून झालेल्या १७ वर थांबायचं की आणखी एक पत्ता घ्यायचा, याची किंमत २० पैसे. एका कॅटऐवजी सहा-आठ कॅट एकत्र पिसले, तर आणखी ५० पैशांच्या घरात.

आणि आश्चर्य असं, की वेगासच्या सुप्रसिद्ध हमरस्त्यावरच्या कमी पैशांच्या टेबलांवर गेल्या वीसेक वर्षांत ६:५ सर्रास झालं आहे. तिथे येणारा पर्यटक आयुष्यात एकदा येतो, कारंजी बघतो, कापडावरची ओळ वाचत नाही. आडबाजूच्या कॅसिनोंचं गिऱ्हाईक आसपासचं. ते दर आठवड्याला येतं आणि नियम बिघडले तर दुसरीकडे जातं, म्हणून तिथे ३:२ जास्त टिकून आहे. नाव मोठं तिथे नियम खोटे, हे ब्लॅकजॅकमध्ये बऱ्याचदा खरं ठरतं. अमेरिकेतल्याच अटलांटिक सिटीत तर न्यायालयानेच १९८२ मध्ये सांगितलं, की पत्ते मनात मोजणाऱ्याला कॅसिनोने स्वतःहून बाहेर काढता येणार नाही. मग कॅसिनोंनी माणसं हाकलण्याऐवजी कॅट वाढवले. मकावमध्ये राज्य बॅकारा या पत्त्यांच्या दुसऱ्या खेळाचं, ब्लॅकजॅक कोपऱ्यात. मोनॅकोत १८६३ पासून माँटे कार्लोचा कॅसिनो आहे आणि मोनॅकोच्या नागरिकांनाच तिथे खेळायला बंदी आहे. गोव्यानेही २०२० मध्ये हेच केलं: कॅसिनोत गोमंतकीयांना खेळायला मज्जाव.

गोव्याच्या जहाजावर गेलात तर तीन गोष्टी आधी विचारा: ३:२ देता का, एक्क्याचे अकरा धरून झालेल्या १७ वर डीलर थांबतो का, आणि पत्ते यंत्र सतत पिसत राहतं का. हे तिसरं फार महत्त्वाचं. खेळलेले पत्ते लगेच पोटात घेऊन पुन्हा मिसळणारं यंत्र पत्त्यांची स्मृतीच पुसून टाकतं. तिथे पत्ते पुन्हा फासे होतात आणि थॉर्प असो की ऋतुपर्ण, कुणाचंच काही चालत नाही.

पण भारतातल्या टेबलावर आणखी एक खेळाडू बसलेला असतो, आणि त्याच्यापुढे हे सगळे पैसे किरकोळ आहेत. कॅसिनोत चिप्ससाठी मोजलेल्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हजाराच्या चिप्समागे ४०० रुपये. अर्ध्या टक्क्याच्या वाट्याने तेवढेच ४०० जायला तुम्हाला एकूण ८०,००० रुपयांचे डाव लावावे लागतील, शंभराचा एक याप्रमाणे ८०० डाव! कर भरायचा कॅसिनोने, पण तो शेवटी कोणत्या ना कोणत्या रूपाने खेळणाऱ्यांकडूनच निघतो. वर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. मोबाइलवर पैसे लावून खेळायचं म्हणाल, तर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यावरही बंदी घातली.

तेव्हा माझा निकाल असा. टेबलाशी टेबल ताडून पाहिलं, तर ३:२ देणारं गोव्याचं जहाज ६:५ देणाऱ्या वेगासच्या महालापेक्षा नक्की सरस. कर धरून पाहिलं, तर भारतात पैसे लावून ब्लॅकजॅक खेळणाऱ्याचं गणित कुठलाही थॉर्प जुळवू शकणार नाही. ज्याला या खेळातलं नवल हवं आहे त्याने घरीच एक कॅट घ्यावा, त्यातल्या चारही पंज्या काढून ठेवाव्यात आणि पैसे न लावता दोनशे डाव वाटून बघावेत. बोईसर-पालघरच्या कॉलेजांतल्या मुलांना तर माझं आग्रहाचं सांगणं आहे: संगणकाला हे डाव खेळायला शिकवा. थोड्याच ओळींचं काम आहे, आणि उलामची तीच पद्धत तुमच्या हातात येईल. आणि कधी कुठल्या कॅसिनोत पाऊल पडलंच, तर दिव्यांकडे बघण्याआधी कापडावरची ओळ वाचा. तिथे ६:५ छापलेलं असेल तर त्या टेबलाशी बसू नका.